दातांना तार लावायची तर: कुडाळ-मालवणकडच्या आईबापांसाठी

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढची दीड-दोन वर्षं घरात भांडणं कमी होतील. डॉक्टर महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं तोंडात बघतो, तार बदलतो, रबर बदलतो आणि मोकळा होतो, दात सरकतात ते उरलेल्या महिनाभरात, तुमच्या घरी, पोरगं जेवत असताना झोपलेलं असताना शाळेत बाकावर बसलेलं असताना. म्हणून "डॉक्टर जरा जास्त आवळा म्हणजे लवकर होईल" हे क्लिनिकमध्ये बोलू नका. आमच्याकडे दोन पोरांच्या तारा लागून निघाल्या, दोन्ही वेळी घरातल्या कोणीतरी हे बोललंच, आणि का बोलू नये ते पुढे सांगते.

पहिला प्रश्न, लावायची कोणाकडून. दातांचा साधा डॉक्टर म्हणजे बीडीएस, त्याच्यापुढे आणखी तीन वर्षं शिकून ज्याने ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलंय तो ऑर्थोडॉन्टिस्ट, तारेचं काम त्याचं. आता आपल्याकडच्या छोट्या गावांत बऱ्याच दवाखान्यांत हा माणूस रोज बसत नाही, कोल्हापूरहून नाहीतर गोव्याहून महिन्यातून एक-दोन ठरलेल्या दिवशी येतो. त्यात वाईट काही नाही, पण सुरुवातीलाच विचारून घ्या की मधल्या दिवसांत काही निघालं तुटलं तर कोण बघणार, फोन कोणाला करायचा, आणि सांगितलेल्या फीमध्ये एक्सरे, निघालेले ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दाताला चिकटवतात ते स्टीलचे तुकडे, परत लावणं आणि शेवटचा रिटेनर, म्हणजे तार निघाल्यावर दात जागेवर राहायला देतात ते, धरलाय का. शेवटच्या रिटेनरवरून फार जणांची वादावादी होते. खर्च जमत नसेल तर खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, आणि सावंतवाडी-दोडामार्ग-वेंगुर्ल्याकडच्यांना बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळ पडतं, बाहेरच्या राज्यातल्यांना फी काय ते मात्र आधी विचारा. कॉलेजात शिकणारे डॉक्टर करतात आणि त्यांच्या डोक्यावर सर उभे असतात, काम नीट होतं, फक्त वेळ काढून जावं लागतं.

कधी लावायची? दुधाचे दात पडून कायमचे दात आले की, म्हणजे साधारण ११ ते १४ वय. दाखवून आणायला मात्र एवढं थांबू नका, सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवलं तर जबड्यात काही गडबड असेल ती कळते. खालचा जबडा मागे राहिलाय आणि वरचे दात पुढे आलेत अशा पोरांना वाढीच्या वयात आधी एक वेगळं काढघालीचं उपकरण देतात, ते वाढ चालू असतानाच उपयोगी, वाढ थांबली की तो दरवाजा बंद. मुलींची ही वाढ मुलांच्या आधी होते, त्यामुळे "दहावी झाल्यावर बघू" हे मुलीच्या बाबतीत तर अजिबात करू नका. आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे जी शहरवाल्यांना नाही, दहावी झाली की पोरं अकरावी-बारावीला कोल्हापूर, पुणे, मुंबई नाहीतर रत्नागिरीला जातात, आणि अर्धवट तोंड दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं की तो नव्याने सगळं बघतो, नवे पैसे सांगतो, कधी हातच लावायला तयार नसतो. सातवीत नाहीतर आठवीत सुरू केलं की दहावीच्या आत तोंड मोकळं.

पहिल्या भेटीत तार लागत नाही हे पण पोरांना आधी सांगा, उगाच घाबरत जातात. फोटो काढतात, दातांचं माप घेतात, दोन एक्सरे होतात, एक ओपीजी ज्यात सगळे दात एका पट्टीत दिसतात आणि एक बाजूने डोक्याचा. त्यावरून ठरतं की जागा कशी करायची. दात मोठे आणि जबडा लहान असला तर उपदाढा काढायला सांगतात, बहुतेक वेळा चार, वर दोन खाली दोन, सुळ्याच्या मागची पहिली. इथे घरातली आजी हमखास मध्ये पडते, "अगो, बरे दात कित्याक काढतत ते?" तिचं चुकत नाही, चांगला दात काढायचा म्हणजे कोणालाही वाईट वाटणार, पण एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते, तेवढी जागा दुसरीकडून येत नसेल तर दात हाडाबाहेर ढकलले जातात किंवा ओठ पुढे येतात. प्रत्येकाला काढावे लागतातच असं पण नाही, म्हणून का काढायचे ते डॉक्टरला एक्सरेवर बोट ठेवून दाखवायला सांगा. त्याच भेटीत सांगायची एक गोष्ट, खोट्या कानातल्याने नाहीतर पट्ट्याच्या बक्कलाने अंगाला पुरळ येतं का. येत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते, आणि ब्रेसेसच्या तारेत निकेल असतं.

मग दाढांच्या फटीत छोटी निळी-हिरवी रबरं घालतात, कधी चार दिवस कधी आठवडा. दाढेला कडं बसवायचं तर फट पाहिजे, ती हे रबर करतं. दिसायला काहीच नाही पण बरीच पोरं म्हणतात की सगळ्यात जास्त हीच टोचली. सगळ्यांना कडी लागतात असं नाही, हल्ली दाढेवर पण नळी चिकटवतात.

तार लावायचा दिवस. दुखत नाही, तोंड उघडं ठेवून जबडा भरून येतो एवढंच. दात साफ करून त्याच्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं जेल अर्धा मिनिट वगैरे लावतात, धुतलं की दात खडूसारखा पांढुरका दिसतो कारण एनॅमलला बारीक खरखरीतपणा आलेला असतो, त्यात डिंक धरतो, त्यावर स्टीलचा ब्रॅकेट ठेवायचा आणि निळा लाइट मारून कडक करायचा. हे तंत्र मायकेल बुओनोकोर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याच्या १९५५ च्या कामातून आलं, त्याआधी प्रत्येक दाताला धातूचं कडं घालायचे म्हणजे तोंडात नुसतं पत्र्याचं दुकान. ब्रॅकेटच्या मधे चौकोनी खाच असते, त्या खाचेतून तार जाते, आणि तार बाहेर येऊ नये म्हणून वरून रंगीत रबराची बारीक रिंग. प्रत्येक दाताचा ब्रॅकेट वेगळा, तो दात किती कलायला पाहिजे किती वळायला पाहिजे ते त्या खाचेतच कोरलेलं असतं, म्हणून निघालेला ब्रॅकेट घरी फेविक्विकने चिकटवायचा पराक्रम कोणी करू नका.

रंग निवडायचा मान पोरांना द्या पण एक सांगून ठेवा, पारदर्शक नाहीतर पांढरी रिंग घेऊ नका. एका बांगड्याच्या तिकल्यात ती हळदीने पिवळी होते आणि पुढची भेट येईपर्यंत पिवळीच राहते, पोरं हसायची बंद होतात. गडद निळा, राखाडी, जांभळा चालतो.

आता दात सरकतो कसा ते, कारण हे कळलं की बाकीचे सगळे नियम आपोआप कळतात. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा नसतो. मूळ आणि हाड यांच्या मधे बारीक तंतूंचा थर असतो, मिलिमीटरचा पाचवा भाग म्हणा साधारण, त्यात रक्तवाहिन्या पण असतात. तार दाताला एका बाजूला हलकं ढकलते, त्या बाजूचा थर दाबला जातो आणि तिथे हाड खाणाऱ्या पेशी जमा होतात, मागच्या बाजूचा थर ताणला जातो आणि तिथे नवीन हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणजे दात हाडातून ओरबाडत जात नाही, पुढचं हाड विरघळतं आणि मागे भरत येतं. आपल्याकडे शेजारी भाताच्या कुणग्याची मेर कशी सरकवतो ते वेगळं सांगायला नको, एका रात्रीत नाही, दरवर्षी बोटभर इकडची माती काढायची आणि तिकडे थापायची, तसंच.

आणि म्हणूनच जोर उपयोगाचा नाही. जास्त आवळलं तर दाबलेल्या बाजूच्या रक्तवाहिन्याच बंद होतात, तिथल्या पेशी मरतात, आणि हाड खाणाऱ्या पेशींना आडवाटेने मागून यावं लागतं, त्यात आठवडे जातात आणि तेवढे दिवस दात जागचा हलत नाही. वर मुळाचं टोक झिजायची भीती. थोडक्यात, जास्त जोर लावला तर काम उलट हळू होतं आणि दुखतं मात्र जास्त. हलका आणि सतत जोर, यालाच सगळी किंमत. काढलेल्या उपदाढेची फट भरायला दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर जातो असं धरा, मग ७ मिलिमीटरला किती महिने ते पोरांना स्वतःच हिशोब करू दे, सारखं विचारायचं बंद होतात. दात तारेत असताना थोडे हलतात, ते बघून पण घाबरायचं नाही, हाड बदलतंय म्हणूनच हलतात.

तारा पण टप्प्याने बदलतात. सुरुवातीची बारीक गोल तार निकेल-टायटॅनियमची, ही गंमतशीर वस्तू आहे, १९६० च्या आसपास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत या धातूचा हा गुण लक्षात आला, कितीही वाकवा परत आपल्या आकाराला येते. वेड्यावाकड्या दातांतून ती नागमोडी घातली तरी तिला सरळ व्हायचंच असतं आणि सरळ होताना ती दातांना घेऊन येते. तिच्यातला एक प्रकार तोंडाच्या उबेने कडक होतो आणि गार पाण्याने सैल पडतो, म्हणून पहिल्या दिवसांत फार ठणकलं तर गार पाण्याचा घोट तोंडात धरला की जरा बरं वाटतं. पुढे जाड, मग चौकोनी, शेवटी स्टीलची, ही खाचेत घट्ट बसते आणि मुळं नीट उभी करते. बाहेरून दात चौथ्या-पाचव्या महिन्यात सरळ दिसायला लागतात आणि पोरं म्हणतात झालं आता काढा, पण तेव्हा नुसती वरची टोकं ओळीत आलेली असतात, खाली मुळं अजून तिरकीच असतात.

खाण्याचं बोलूया, आपल्याकडे खरी परीक्षा तिथेच. पहिले तीन-चार दिवस चावणं जमत नाही, दुखणं साधारण तेवढेच दिवस, डॉक्टरने सांगितलेली पॅरासिटामॉल पुरते. पेज, मऊ भात, रसातले शिरवाळे, आंबोळी, घावणे दुधात नाहीतर रसात बुडवून, खिमटी, सगळं चालतं. म्हणजे कोकणातल्या पोराला उपाशी राहायचं काही कारण नाही. नंतर रोजचं जेवण सुरू, पण पुढच्या दातांनी तोडून खायचं बंद. वडे-सागोती खा की, वडा हाताने तोडा. पेरू, कैरी, सफरचंद फोडी करून. आंबोलीला पावसात कणीस घेतलंत तर दाणे काढून द्या. कुर्ल्यांचे डेंगे दुसऱ्या कोणाला तरी फोडायला लावा, हे पोरांना फार आवडतं कारण बाबा फोडून देतात. रायवळ आंबा चोखून खाल्लात तर त्याचे केसर प्रत्येक ब्रॅकेटात अडकून अर्धा तास आरशासमोर, त्यापेक्षा हापूस चिरून खा. खोबऱ्याचे तुकडे नाहीत, खवलेलं खोबरं हवं तेवढं. जत्रेतलं खाजं, चिक्की, कडक लाडू, आंब्याचं साठ, फणसपोळी, चॉकलेटचे चिकट गोळे, बर्फ चघळणं, हे तार निघेपर्यंत बंद म्हणजे बंद, खाजं तर ब्रॅकेट काढायचं अवजारच आहे. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी पाहुणे येताना काय काय घेऊन येतात आणि पोरांच्या हातात ठेवतात, त्यांना पण आधीच सांगून ठेवा. उकडीचे मोदक किती पण.

एक ब्रॅकेट निघाला तर काय होतं? तो दात तारेतून सुटतो, जिथे होता तिथे थांबतो किंवा मागे जातो, बाकीचे पुढे गेलेले असतात, आणि चौकोनी तारेवर असताना तसं झालं तर परत बारीक तारेवर यावं लागतं. म्हणजे एका खाज्याला एक-दोन महिने.

घासणं. तारेच्या वरून आणि तारेच्या खालून, ब्रश तिरका धरून, प्रत्येक दात, फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री, आणि दुपारच्या डब्यानंतर निदान जोरात चूळ. तारेखाली घालायचा बारीक बाटली घासायच्या ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तालुक्याच्या गावी गेलात की दोन-तीन घेऊन ठेवा. घरात मशेरी असेल तर पोरांचा हात तिला लागू देऊ नका. नीट घासलं नाही तर हिरड्या सुजून ब्रॅकेटवर येतात, आणि ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग पडतात, कीड लागायची ती पहिली पायरी, तार निघाल्यावर दात सरळ पण प्रत्येकावर पांढरी चौकट, आणि ती सहसा पूर्ण जात नाही. साखर घातलेलं कोकम सरबत, कोल्ड्रिंक, लिंबू सोडा दिवसभर घोट घोट पिणं हे या डागांचं खाद्य, आंबट आणि गोड दोन्ही एकदम. प्यायचं तर जेवणाबरोबर एकदाच प्या, पाण्याने खळखळा, आणि लगेच ब्रश घासू नका, अर्धा तास जाऊ दे. सोलकढीत साखर नसते म्हणून सूट, पण चूळ तिच्यावर पण भराच.

आता मधल्या दिवसांतली संकटं, कारण आपला डॉक्टर पुढच्या महिन्यात येणार. तार टोचते: मेडिकलमध्ये ऑर्थो वॅक्स मिळतं, नाहीतर डॉक्टर डबी देतो, जागा कोरडी करून वाटाण्याएवढा गोळा दाबून लावायचा, जेवताना काढायचा. तारेचं टोक गालात घुसत असेल तर पेन्सिलीच्या मागच्या रबराने हळूच आत वाकवता येतं का बघा. गाल सोलला तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. ब्रॅकेट निघून तारेवर फिरतोय: राहू दे तसाच, वॅक्स लावा, दवाखान्यात फोन करा, फोटो पाठवा, तिथला रोजचा डॉक्टर तेवढं सांभाळून घेतो. हातात आला तर डबीत ठेवून घेऊन जा. गिळला तर बहुतेक वेळा पोटातून निघून जातो, पण खोकला थांबत नसेल, श्वासाला त्रास होत असेल तर दातांच्या नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात. क्रिकेट-कबड्डी खेळणाऱ्या पोरांनी तारेवर बसेल असा माउथगार्ड विचारून घ्यावा, ओठ आतून फाटतात.

पावसात एखादी तारीख चुकली, एसटी आली नाही, दरड पडली, तर जग बुडत नाही. निकेल-टायटॅनियमची तार आपलं काम करत राहते. पण फट बंद करायला लावलेली रबराची साखळी तीन-चार आठवड्यांत ढिली पडते, मग नुसतीच शोभेला, त्यामुळे दोन-दोन महिने गायब होऊ नका. फोन करून पुढची तारीख घेतली की झालं.

शेवटच्या टप्प्यात वर-खाली अडकवायची इलॅस्टिकं देतात, वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसायला. हे पूर्ण पोरांच्या हातात. सांगितलं असेल तेवढे तास, बहुतेक वेळा जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, आणि रोज नवीन, कारण तोंडात ती लवकर मरगळतात. नुसती रात्री घातली आणि दिवसा खिशात, तर दात रात्री पुढे दिवसा मागे. दोन घालून डबल जोर करणारी पण पोरं असतात, त्यांना वरचं मेरेचं सांगा. पाकीट दप्तरात एक, घरी एक. ही तोंडातली इलॅस्टिकं डॉक्टरच्या हिशोबाची असतात हे पण लक्षात ठेवा, व्हिडिओ बघून पुढच्या दोन दातांमधली फट बंद करायला साधं रबर अडकवणारी मुलं आहेत, ते रबर हिरडीखाली सरकत मुळापर्यंत जातं आणि चांगले दात हलून पडायची वेळ येते.

तार निघायचा दिवस आला की पोरं नाचतात आणि इथेच आईबाप ढिले पडतात. ब्रॅकेट पक्कडीने दाबला की सुटतो, उरलेला डिंक मशिनने घासून काढतात, दुखत नाही. पण दाताभोवतीचं हाड अजून कोवळं असतं आणि हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढतात, त्यांना शांत व्हायला वर्षभर पण लागतं. म्हणून रिटेनर. कोणाला दातांच्या मागून बारीक तार चिकटवतात, कोणाला काढघालीची प्लेट नाहीतर पारदर्शक साचा देतात, सुरुवातीचे काही महिने दिवसरात्र, नंतर रात्री, आणि रात्रीचं हे किती वर्षं तर डॉक्टर सांगेल तितकी, बरेच जण म्हणतात दात सरळ पाहिजेत तोपर्यंत. गरम पाण्यात धुवू नका, वाकडा होतो. जेवताना कागदात गुंडाळून ठेवू नका, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीबरोबर उचलून टाकलेले रिटेनर किती असतील कोण जाणे. डबीतच ठेवा. कुत्रा असेल तर डबी वरच्या फळीवर, कुत्र्यांना त्याचा वास आवडतो. आणि हरवलाच तर पोरगं ओरडा खायच्या भीतीने आठवडाभर बोलत नाही, तेवढ्यात दात सरकायला लागतात, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा की हरवला तर त्याच दिवशी सांग, ओरडणार नाही.